तेरा तास वीस मिनिटं

अक्काचे केस कुणीतरी कापले होते, आणि फार वाईट कापले होते. फोनच्या पडद्यावर चेहरा आला, थरथरला, स्थिर झाला, आणि धाकट्या बहिणीला पहिल्यांदा दिसलं ते हेच. एक कान झाकलेला, दुसरा उघडा. कपाळावर कुरतडल्यासारखी झालर. पाणी प्यायला अक्का जरा वळली तर मानेवर चक्क दोन पायऱ्या पडलेल्या. जिने सारा जन्म लोकांचे केस कापण्यात घालवला, जिच्या पार्लरमध्ये चार-चार पिढ्यांच्या माना वाकल्या, तिच्या सख्ख्या बहिणीच्या डोक्याची ही दशा! "कुणी कापले गं?" तिने विचारलं. अक्का नुसती हसली. मागून अक्काचा मुलगा म्हणाला, "मावशी, धुताना फार त्रास द्यायची, म्हणून सांभाळणाऱ्या बाईने उडवून टाकले." उडवून टाकले. जसं काही अंगणातलं गवतच. ज्या वेणीवर अक्का बसायची, अगदी खरोखर बसायची, उठताना आधी वेणी सोडवून घ्यायची, ती वेणी. मग अक्काने पडद्यात वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "ठमी कुठाय?" ठमी तिच्यासमोरच होती. ठमी साठीची झाली होती, एवढंच.

"मी येते," ती म्हणाली. फोन बंद झाला आणि घरात हशा पिकला. तिचा मुलगा काही वाईट नाही. आईवर माया आहे त्याची, पण त्याची माया मोजमापाची. त्याने लगेच फोनवर नकाशा काढून तिच्यासमोर धरला. हे आपलं शहर, हे अक्कामावशीचं. अकरा हजार नऊशे किलोमीटर. मधे कुठे न थांबता तेरा तास वीस मिनिटं. "आई, तेरा तास! तू दहा मिनिटं एका जागी बसत नाहीस. जेवतानासुद्धा अर्धी उठलेली असतेस. वर ते पायाचं दुखणं. तुला नाही झेपायचं." नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला. "आणि जायचं कशाला, तर केस कापायला! तिकडे काय केस कापणारे मेलेत?" सून पाण्याच्या बाटल्या भरत होती. आणि ती स्वतः नकाशाकडे बघत राहिली. दोन शहरांमधली रेघ सरळ नव्हती, कमानीसारखी वर चढून उतरली होती. बरोबरच आहे, तिला वाटलं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जायचं तर डोक्यावरूनच जावं लागतं. यात एवढं घाबरायचं काय? पण बोलली नाही, कारण मुलाचं एक वाक्य आत कुसळासारखं रुतलं होतं. दहा मिनिटं एका जागी बसत नाहीस. खोटं असतं तर तिने त्याला तिथेच झाडला असता. खरं होतं, म्हणून तर डोक्यात गेलं.

तीन वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. अक्काचा नवरा गेला तेव्हा हिने धावतपळत पासपोर्ट काढला होता, फोटोत केस विंचरलेले पण डोळे भांबावलेले. मग सगळे म्हणाले, आता जाऊन काय करणार, होऊन गेलं ते होऊन गेलं, एवढा लांबचा प्रवास, तुझे पाय. आणि ती मूग गिळून बसली. बसली कसली, उभीच होती, ओट्याशी. तो पासपोर्ट कपाटात पडून आहे, तेव्हाचा व्हिसा सोडला तर सगळी पानं कोरी. तेव्हा अक्का तिला ओळखत तरी होती. आता कधी ओळखते, कधी पडद्यात वाकून ठमीला शोधते. अजून सहा महिने असेच गेले तर कुणासाठी जायचं? हिशेब एवढाच होता आणि तो घरात फक्त तिलाच दिसत होता.

सोमवारी पार्लर बंद. म्हणजे तिला सुट्टी, म्हणजे धुणं, चादरी, डाळी निवडणं, आठवड्याची तुंबलेली सगळी कामं. त्या सोमवारी सकाळी सहाला ती उठली, आंघोळ केली, आणि बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात गेली. तिथे पार्लरमधली जुनी खुर्ची होती. पायाने दाबलं की वर-खाली होणारी, गोल फिरणारी, लाल रेक्झिनची, हातांवर चिकटपट्टी लावलेली. नवीन खुर्च्या आल्या तेव्हा टाकवेना म्हणून घरी आणली, आणि घरी आणल्यापासून तिच्यावर माणूस असं कधी बसलंच नाही. वाळलेले कपडे बसले, इस्त्रीचे कपडे बसले, कुणाकुणाची दप्तरं, छत्र्या बसल्या. तिने तो सगळा ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि सोफ्यावर नवऱ्याच्या नेहमीच्या जागी टाकला. मग खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून फिरवली, वर भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं, बरोबर साडेसहा, आणि बसली. पुढे उद्योग काही नाही. संध्याकाळी आठला दहा कमी होईपर्यंत उठायचं नाही. विमानात उठतात तेवढंच, संडासापुरतं. बाकी घर जळलं तरी नाही.

पहिला अर्धा तास काहीच झालं नाही. घर झोपलं होतं. मग नवरा आला, कपड्यांच्या ढिगाकडे बघून थबकला, तिच्याकडे बघून आणखी थबकला. "बरं नाही का गं?"

"छान आहे."

"मग अशी का बसलीयस?"

"बसून बघतेय."

"चहाचं काय?"

"चहा येतोय. गाडी ढकलत आणतायत."

"कोण आणतंय?"

"तुम्ही."

तो हसला. तिला वाटलं होतं चिडेल, पण हसला, आणि हसण्यानेच तिचं टाळकं जास्त सरकलं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. हसणाऱ्याशी कसं भांडायचं? तो स्वयंपाकघरात गेला, डबे उघडल्याचे आवाज आले, साखर कुठाय, चहापत्ती कुठाय, गाळणं कुठाय. साखर डोळ्यांसमोरच्या डब्यात होती. तिचे पाय आपोआप खाली सरकले, टाचा जमिनीला टेकल्या. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की बसणं अवघड आहे ते पायांमुळे नव्हे. पाय बिचारे दुखत होते, बसायलाच बघत होते. उठवत होतं ते दुसरंच काहीतरी. छातीच्या जरा खाली, जिथे आपल्याला हाक मारलीय असं सारखं वाटतं. कुणी हाक मारलेली नसतानाही. तिने टाचा पुन्हा उचलून पायरीवर ठेवल्या. खुर्चीच्या खाली लोखंडी पायरी होती, गिऱ्हाइकांच्या चपलांनी घासून गुळगुळीत झालेली. किती जणी बसल्या असतील इथे. नवऱ्या मुली, बाळंतिणी, आजारातून उठलेल्या. बसल्या की पहिल्यांदा ताठ असायच्या, आणि कात्री मानेजवळ आली की हळूहळू खांदे सोडायच्या. एकेक जण डोळे मिटून रडायची, कशाला कोण जाणे. तिला वाटायचं, काय बायका आहेत या, नुसतं बसवलं तरी रडतात. आता तिला त्यांची जरा लाज वाटली, म्हणजे स्वतःचीच.

आठ वाजता मुलगा उठून आला आणि त्याला बापाने सगळी बातमी दिली, तिच्यासमोरच, जणू ती तिथे नव्हतीच. "विमानात बसलीय तुझी आई." मुलाने कपाळावर हात मारला. "आई, काय पोरकटपणा आहे? तिथे हवेचा दाब वेगळा असतो, जागा एवढीशी असते." ती म्हणाली, "मग ये, बस मांडीवर. जागा कमी होईल." सून खुदकन हसली आणि मुलाने तिच्याकडे बघताच गंभीर झाली. जाता जाता सुनेने खुर्चीच्या हातावर एक पोळीभाजीचा डबा आणि पाण्याची बाटली ठेवली. "शाकाहारीच आहे, आई. दुसरं संपलं," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली. मुलगाही गेला. जाताना त्याने बापाला बजावलं, "अकराच्या आत उठेल बघा." हे तिने ऐकलं. तिला ऐकू यावं म्हणूनच तो बोलला होता की काय, देव जाणे. काही असो, त्या वाक्याने तिला दुपारपर्यंत तरी पुरेल एवढं बळ दिलं.

नवरा पेपर घेऊन कपड्यांच्या ढिगाशेजारी टेकला. घरात आता नुसतं घड्याळ आणि पानं उलटल्याचा आवाज. आणि मग ते यायला लागलं, जे बसलं की नेहमी यायचं, म्हणून ती बसत नसे. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं; सांगण्यासारखं त्यात काही होतंही असं तिला वाटलं नव्हतं. आई लवकर गेली, ठमीला अक्कानेच वाढवलं. दर रविवारी अक्का तिचे केस धुवायची, मग पाटावर स्वतः बसून हिला दोन गुडघ्यांच्या मधे बसवायची आणि वेणी घालायची. गुंता निघताना ठमी वळवळली की डोक्यावर फणीची टिचकी. "हलू नकोस." अक्काच्या गुडघ्यांना साबणाचा वास यायचा, ऊन पाठीवर यायचं, आणि ठमी बसायची. तास-तासभर बसायची. कोण म्हणतं हिला बसता येत नाही? हिच्याएवढं बसणारं पोर त्या आळीत नव्हतं.

मग अक्काचं लग्न ठरलं, नवरा लांबच्या देशातला. जायच्या दिवशी सामान खाली गेलं होतं, घरात माणसांची ये-जा, आणि अक्काने तिला आतल्या खोलीत स्टुलावर बसवलं. वेणी घातली. रविवार नव्हता तरी घातली. रिबिनीची गाठ मारली आणि म्हणाली, "इथे बस. हलू नकोस. मी आलेच." ठमी बसली. बाहेर गाडीचं दार वाजलं, तरी बसली. कारण अक्का खोटं बोलत नसे. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, फरशीवर आलं, स्टुलाच्या पायापर्यंत आलं, तरी ती बसून. शेवटी वडील आत आले, तिला बघून दारातच उभे राहिले, आणि पुन्हा बाहेर गेले. तेव्हा ती उठली. तेव्हाची उठली ती उठलीच. वेणी घालायला कुणी नव्हतं म्हणून आठवड्याने तिने वडिलांच्या कात्रीने स्वतःच स्वतःचे केस कापले, आरशासमोर उभं राहून. एक कान झाकलेला, एक उघडा. नाक्यावरच्या पार्लरवालीने ते बघून तिला हाताला धरून आत नेलं, केस सरळ करून दिले, आणि पुढे तिनेच कामाला ठेवून घेतलं. धंद्याची सुरुवात लोक विचारतात तेव्हा ती एवढंच सांगते. स्टुलाचं सांगत नाही.

राग होता. इतक्या वर्षांत अक्काची पत्रं आली, साड्या आल्या, मग फोन आले, अक्का दोनदा येऊनही गेली, पोरांच्या गोतावळ्यात, घाईघाईने. प्रेम होतं, नाही कोण म्हणतं? पण तळाशी राग होता आणि तो तसाच होता, जसाच्या तसा, रिबिनीच्या गाठीसकट. असं जायचं नसतं, अक्का. सांगून जायचं. रडारड झाली असती तर झाली असती, मी काय मेले असते? हे तिला अक्काच्या तोंडावर बोलायचं होतं. आणि आता अक्काच विसरायला लागली होती. ज्याच्यावर रागवायचं त्यालाच आठवत नसेल तर रागाने जावं कुठे? तिला एकदम रडू आलं, पार्लरमधल्या त्या बायकांसारखंच, खुर्चीत बसून, विनाकारण. नवरा पेपरमागे होता. तिने पदराने डोळे पुसले. वर बघितलं तर घड्याळात साडेअकरा. अकरा कधीच होऊन गेले होते. घे, तिने मुलाला मनातल्या मनात म्हटलं, घे आता.

आणि तेवढ्यात दूध. नवऱ्याने दुपारच्या चहासाठी आधीच दूध तापत ठेवलं होतं. ठेवलं आणि विसरला. तिला आधी वास आला, मग ती बारीक सळसळ, जी फक्त तिलाच ऐकू येते, भिंतीपलीकडूनसुद्धा, झोपेतसुद्धा. तिच्या खुर्चीवरून गॅस सरळ दिसत होता. पातेल्याच्या काठावर साय फुगत होती. चार पावलं. उठायचं, चाकी फिरवायची, येऊन बसायचं. कुणाला कळलंही नसतं. पायांनी आपणहून जमीन गाठली होती, पाठ खुर्चीपासून सुटली होती. सगळं अंग चार पावलं पुढे जाऊन उभं राहिलं होतं, फक्त ती मागे राहिली होती. "अहो," ती म्हणाली, "दूध." तो म्हणाला, "हं." "दूध, अहो!" "हो हो, बघतो," आणि पान उलटलं. तिने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. चिकटपट्टी नखांखाली आली. विमान मधेच कुठे उतरत नाही. समुद्रावर असताना घरचं दूध उतू जातंय म्हणून कुणी दार उघडत नाही. जाऊ दे. जाऊ दे उतू. इतक्या वर्षांत माझ्या राज्यात दुधाचा थेंब सांडला नाही, आज सगळं जाऊ दे. आणि ते गेलं. चर्र करून गॅसवर गेलं, ओट्यावर आलं, कडेवरून खाली टपटपलं, करपल्याचा वास घरभर झाला, तेव्हा नवरा धडपडत धावला. "अगं, समोर बसून बघत होतीस आणि उठली नाहीस?"

"नाही."

"चार पावलांवर होतं!"

"माझ्यासाठी नाही. मी फार उंचावर आहे."

या वेळी तो हसला नाही. फडका घेऊन ओटा पुसत राहिला, आधी तो फडका चुकीचा घेतला, मग पाणी जास्त केलं. तिने काही सांगितलं नाही. आणि गंमत म्हणजे छातीखालची ती हाक थांबली होती. इतकी वर्षं कानात घोंघावणारा पंखा कुणी बंद केल्यावर खोली मोठी वाटते तसं वाटलं. ती मागे टेकली. पूर्ण टेकली. खुर्चीची पाठ किती मऊ आहे हे तिला माहीतच नव्हतं, आणि खुर्ची तर तिचीच.

दुपार गेली. ती दोनदा उठली, विमानात उठतात तेवढीच, आणि येऊन बसली. पाय सुजले, तेव्हा पंजे खाली-वर केले, डॉक्टरने शिकवलं होतं तसे. डबा खाल्ला. नवऱ्याने दोनच्या सुमारास स्वतःहून चहा आणून दिला, पाणचट, पण आणून दिला. आणि कप घेऊन तिथेच तिच्याजवळ जमिनीवर बसला. "ती तुला ओळखेल का?" त्याने एकदम विचारलं. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "हात ओळखेल. केसात हात घातला की ओळखेल." मग म्हणाली, "कात्री मात्र सोबत घेऊ देत नाहीत म्हणे, मोठ्या बॅगेत टाकावी लागते." तो म्हणाला, "मऊ कापडात गुंडाळू नीट." एवढंच. पण 'गुंडाळ' नव्हे, 'गुंडाळू' म्हणाला, हे तिच्या ध्यानात आलं.

सहाला सून आली, मग मुलगा. मुलाने बूट काढले, वर पाहिलं आणि तसाच थांबला. आई सकाळी होती तिथेच होती. "खरंच?" त्याने बापाला विचारलं. बाप म्हणाला, "दूध उतू गेलं तरी हलली नाही." मुलगा काही बोलणार एवढ्यात फोन वाजला. फोन पलीकडे टेबलावर. ती उठली नाही. तिने नुसता हात पुढे केला. मुलाला तो आणून द्यावा लागला, आणि पडदा दिसावा म्हणून तिच्यासमोर धरून उभंही राहावं लागलं. अक्काच होती. तिकडे नुकतं उजाडलेलं, उन्हात ते कुरतडलेले केस आणखीनच वेडेवाकडे दिसत होते. मागे अक्काचा मुलगा म्हणत होता, "मावशी, पहाटेपासून तुझ्याच नावाचा जप चाललाय, म्हटलं लावूनच द्यावा."

अक्का पडद्यात वाकली. "ठमे?"

"हो गं."

"निघालीस का?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. "निघाले," ती म्हणाली. "सकाळीच निघाले."

"कुठवर आलीस?"

"बरीच आले. तास-दीड तास राहिला."

अक्काने आपल्या डोक्यावरून हात फिरवला, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि तिचा चेहरा कसनुसा झाला, जसं काही तिलाच आत्ता कळलं होतं. "मग मी केस धुऊन बसते," ती म्हणाली.

ठमीच्या तोंडून, न ठरवता, ते शब्द निघाले, आणि निघताना त्यांच्यातला सगळा जुना राग तिला जिभेवर लागला, आणि तो कडू नव्हता. "बस. हलू नकोस. मी आलेच."

फोन बंद झाला. ती मुलाकडे बघत म्हणाली, "ऐकलंस? केस धुऊन बसणार आहे ती. मला माहितीय तसं बसणं काय असतं. मी कुणाला विचारत नाहीये. तू तिकीट काढतोस की मी नाक्यावरून काढून आणू?"

मुलगा सोफ्यावर, कपड्यांच्या ढिगावरच बसला. त्याने फोनवर बोटं चालवली, बराच वेळ चालवली. सुनेने कपाटातून पासपोर्ट आणून त्याच्या मांडीवर ठेवला. मग मान वर न करता त्याने विचारलं, "वाटेच्या कडेची जागा घेऊ ना, आई? मधेमधे उठायला बरी."

"खिडकीची घे," ती म्हणाली. "मला उठायचं नाहीये."